बारोनची गावपळण

नांदगाव रोड स्टेशनवर मला सोडायला मालवणजवळच्या आचऱ्याहून दोन रिक्षा भरून माणसं आली होती. मी नर्स म्हणून जर्मनीला निघाले होते, आणि आईने पिशवीत कुळथाचं पीठ असं कोंबलं होतं, जणू तिकडे माणसं उपाशीच राहतात. गाडी सुटताना बाबा खिडकीशी आले. रडू आवरायचं असलं की ते रागावून बोलतात. "रडतंस कित्याक गो? ही तुझी गावपळण समज. कौल झालो काय परत ये."

तुम्ही गावातले, तुम्हाला काय सांगायचं. पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या मुलांसाठी सांगते. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा हुकूम झाला की अख्खा गाव घरं बंद करून, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस झोपड्यांत राहायचं. चौथ्या दिवशी देवाला कौल लावायचा. देव हो म्हणाला तर घरी, नाहीतर अजून एक दिवस मुक्काम. दाराला कडी लावताना आई म्हणायची, "घर देवाचा गो. आपण नुसती ऱ्हवतंव."

इथे मी सांभाळते ते हेर बारोन, हेर म्हणजे आपलं श्रीयुत, जुन्या सरदार घराण्यातले, सत्त्याऐंशी वर्षांचे. घराण्याचे तीन श्लॉस, म्हणजे आपले राजवाडेच म्हणा. पूर्वेकडचा, ज्यात ते जन्मले, तो युद्धात गेला. नदीकाठच्या दुसऱ्याचं हॉटेल झालं. उरलेल्या तिसऱ्यात ते राहायचे. चाळीस खोल्या, त्यातल्या दोनच गरम. बाकीच्यांत भिंतीवर पूर्वज आणि खाली गळक्या छपरासाठी बादल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्या तोऱ्यात मला सगळं फिरवून दाखवलं. मीही कमी नाही. म्हटलं, आमचा मालवणचा किल्ला भर समुद्रात आहे आणि आत अजून माणसं नांदतात. म्हातारा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी हळूच विचारलं, "समुद्रात? मग पाया कसा घातला?" तेव्हापासून आमचं जमलं. आईची कुळथाची पिठी ते चमच्याने खातात आणि सूप म्हणतात. मी म्हणू देते.

गेल्या हिवाळ्यात छप्पर पारच धोक्याचं झालं. पुतण्याने शहरात दोन खोल्यांचं घर बघितलं, लिफ्ट असलेलं. बारोन खुर्चीतून उठेनात. "मी इथेच मरणार," एवढंच. जेवण बंद केलं, गोळ्या थुंकायला लागले. आठवडाभरात अंग इतकं उतरलं की मला त्यांच्या जिवाची भीती वाटू लागली. मग मला काय सुचलं देव जाणे, मी त्यांना गावपळण सांगितली, अगदी कोंबड्यांसकट. म्हटलं, "हेर बारोन, आपणही तीन दिवस घर रिकामं करून शहरातल्या त्या दोन खोल्यांत राहू. चौथ्या दिवशी माझे बाबा देवाला विचारतील."

त्यांनी विचारलं, "कुत्र्यालाही न्यायचं?"

"न्यायलाच लागतं."

उठले आणि टोपी घातली.

चौथ्या दिवशी सकाळी तीच टोपी घालून, कुत्र्याचा पट्टा हातात धरून ते नव्या घराच्या दाराशी बसले होते. "काय म्हणाला तुमचा देव?"  स्वयंपाकघरात जाऊन बाबांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. देवाच्या नावावर थाप मारली म्हणून शिव्या खायची तयारी होती. बाबा म्हणाले, "थांब. देवाक विचारल्याशिवाय मी काय सांगूचंय नाय." तासाभराने देवळातून फोन आला. "कौल नाय झालो. अजून एक दीस."

तो एक दिवस चार महिने चालला. रोज सकाळी बाबा देवळात, मी फोनवर, बारोन टोपी घालून. मग एकदा पिठी खाता खाता ते सहज म्हणाले, "मी सहा वर्षांचा होतो. पूर्वेकडच्या पहिल्या घरातून निघताना माझी आईही तीनच दिवस म्हणाली होती."

मला त्यांच्याकडे बघवेना. "म्हणजे परत जायचं नाही हे तुम्हाला कळलं होतं?"

"टोपी घालतानाच."

"मग आलात कशाला?"

"आईने कुणाला विचारलं नव्हतं. तुमचे बाबा रोज विचारतात." चमचा चाटूनपुसून त्यांनी खाली ठेवला. "उद्याही विचारायला सांगा."

संध्याकाळी मी हे बाबांना सांगितलं.  त्यांचा रागावलेला आवाज आला. "विचारतंय तर. तुझो कौलय रोज विचारतंय. तू गेलंस त्याक अकरा वर्सां झाली. तुका कधी सांगूक नाय."

 आता कुणी घर कुठे म्हणून विचारलं तर मला अंगण आठवत नाही की दार आठवत नाही. सकाळी देवळाच्या पायरीशी चपला काढणारे बाबा दिसतात.

"देव काय म्हणता?" मी विचारलं.

"अजून एक दीस."

"बरा," मी म्हटलं. "उद्याय विचारा."