मित्राचे सासरे आणि त्यांची घंटा

चर्चमध्ये शिरताना मी घंटा वाजवली. देवळात वाजवतो तशी, हात जोडण्याआधी. आवाज गोड लागला म्हणून जरा थांबून आणखी एकदा.

मोताळ्याच्या पुढे, डोंगरातल्या त्या चिमुकल्या वस्तीत घंटेच्या दोरीला हात लावण्याचा हक्क पृथ्वीतलावर एकाच माणसाला होता : माझ्या मित्राचे सासरे. आम्ही पाहुणे गेलो होतो तेही त्यांच्याकडेच. मिस्साची, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेची, घंटा ते अशा लगबगीने वाजवत की बायका तव्यावरची भाकर तव्यावरच सोडून निघत. लग्नाची वाजवू लागले की शेळ्यासुद्धा दावं तोडू पाहत. दुसऱ्यांच्या घंटांबद्दल मात्र मत वाईट. मेहकरला एका शाळेची घंटा ऐकून भर रस्त्यात म्हणाले होते, "हे घंटा व्हय का? ताट पडल्यावानी वाजून राह्यली!" अलीकडे त्यांचा खांदा दुखायचा, म्हणून फादरांनी रेकॉर्ड केलेली घंटा वाजवणारा भोंगा आणला होता. येत्या रविवारपासून तोच वाजणार होता. भोंगा आल्यापासून सासरे जेवत होते, पण फादरांशी बोलत नव्हते.

आणि थांबून थांबून एकेक टोला, म्हणजे वस्तीत कुणीतरी गेलं. हे मला कोण सांगणार?

सोयाबीन तसंच टाकून माणसं धावत आली. "कोन गेलं? कोन गेलं?" सगळे एकमेकांना दिसत होते, दिसत नव्हते फक्त सासरे. एका बाईने हंबरडा फोडला, "म्हातारा गेला वं माय!" अख्खी वस्ती रडत त्यांच्या दाराशी. आतून सासरे बाहेर आले. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा.

"कोन गेलं बे?"

"तुमी!" शेतातून धावत आलेल्या सासूबाई रडता रडता ओरडल्या.

"मी मेलो, तं घंटा कोनं वाजवली?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माह्या मरनाची घंटा," सासरे वस्तरा माझ्याकडे रोखत म्हणाले, "अन् इतकी बेसूर?"

फादरांनी झग्याच्या बाहीने डोळे पुसले. रडणाऱ्यांत तेही होते. "बाबा, भोंगा सणाला गाण्यांसाठी ठेवू. घंटा तुमचीच." सासरे उरलेला गाल उरकायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी चर्चच्या पायरीवर खांदा चोळत बसले होते. समोर डोंगर निळा पडत चालला होता. "आज तं घंटा राह्यली," ते हळूच म्हणाले. "माह्यामागं कोन वाजवन?"

मी त्यांच्या शेजारी टेकलो. "मी येत जाईन ना, बाबा."

त्यांनी मला खालून वर नीट पाहिलं.

"तुमी वाजवनार असान पाव्हने, तं लोकं मरालेच भेतीन."