तांब्याभर पाऊस

माझ्या सासऱ्यांना स्वच्छतेचं भारी खूळ. मी घासलेलं भांडं पुन्हा घासायचे. मी करवादायची, "मामंजी, मग मी हात कशाला झिजवायचे?" तर म्हणायचे, "हात झिजले, डाग कुठे झिजला?" काय बोलायचं अशा माणसाला!

छोट्या शेतकऱ्यांसाठी प्रकल्प आला, तेव्हा पाऊस मोजायचं यंत्र आमच्याच शेतात बसलं. खांबावर वरून उघडा पांढरा डबा, भोवती कुंपण. आत किती पाणी पडलं ते डबा आपोआप मोजून शहरातल्या कचेरीला कळवायचा. सलग वीस दिवस कोरडे गेले, की गावातल्या सगळ्यांना पीकविम्याची भरपाई. कुंपणाची किल्ली सासऱ्यांकडे. "स्वच्छ ठेवा," एवढंच कृषी अधिकारी सांगून गेले. गाव सासऱ्यांना पाऊसमास्तर म्हणायला लागलं आणि आमच्या म्हाताऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या वर्षी मका गुडघ्याला लागला आणि पावसाने पाठ फिरवली. पानं सुरळी होऊन वाळायला लागली. जो तो दिवस मोजत होता. सतराव्या दिवशी वावटळ उठली, डबा धुळीने आणि पाखरांच्या घाणीने बरबटला. सासऱ्यांनी माझ्याकडे तांब्याभर पाणी मागितलं. इथे प्यायची मारामार, आणि यांना डबा धुवायचाय! चार शब्द सुनावले आणि दिलं.

वीस दिवस उलटले, भरपाई आली नाही. कचेरीने कळवलं, सतराव्या दिवशी तुमच्याकडे पाऊस झालाय. यंत्राला काय, वरून पडलं तो पाऊस. लोक खवळले, यंत्र बिघडलंय म्हणून अधिकाऱ्यांना धारेवर धरलं. घरात सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी हात जोडले, "मामंजी, गप्प बसा. कुणाला कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सभेत ते उभे राहिले. "तो पाऊस मी पाडला. डबा धुतला मी." पाणी कुणी दिलं ते सांगितलं नाही.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अधिकारी खाली बघत म्हणाले, नोंद आता बदलता येत नाही, आणि यंदाच्या विम्याची मुदतही संपली. लोक एकेक करून उठून गेले. वाकडा शब्द कुणी काढला नाही, आणि तेच सासऱ्यांना सोसेना.

महिन्याभराने शेजारचे दोघे भाऊ घराला कुलूप लावून बायकापोरांसकट कामधंदा शोधायला निघाले. सासरे त्यांच्या वाटेत उभे राहिले. "अरे, दोन शिव्या तरी घाला मला!"

थोरल्याने डोक्यावरचं बोचकं सावरलं. "काका, उन्हात उभे राहू नका," म्हणाला आणि चालू लागला.

ती माणसं वळणाआड गेली तरी सासरे तिथेच. मी हाताला धरून आणायला गेले, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तू तरी बोल गं मला."

माझ्याने एक शब्द बोलवला नाही.