बरी झालेली गाय

सैन्यातून निवृत्त होऊन झाशीजवळच्या बबीना छावणीलाच राहिलेले एक सुभेदार आमच्या गुरांच्या दवाखान्यात आले, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या कालवडीनंही गाभ टाकला होता. ते मूळचे साताऱ्याकडचे. मी झाशीत वाढलेली, माझ्या मराठीत निम्मी हिंदी. तरी डॉक्टरबाई आपल्यातली निघाली म्हणून त्यांना धीर आला.

गोठ्यात चारच जनावरं होती. एक म्हातारी गाय, या दोन कालवडी आणि तिसरी, अजून गाभण असलेली. सुभेदारांची बायको त्या तिसरीजवळून हलत नव्हती. गाभ टाकण्याच्या नेहमीच्या रोगाची तपासणी आधीच झाली होती, तो नव्हता. मी चौघींचं रक्त पुढे पाठवलं. निकाल येईपर्यंत सुभेदार रोज फोन करायचे.

निकालात गाभण कालवड तेवढी बचावली होती. बाकी तिघींच्या रक्तात गाभ पाडणाऱ्या एका विषाणूची खूण होती, म्हाताऱ्या गाईच्याही. सुभेदारांची गुरं आधी मोठ नावाच्या गावी असत; तिथं असताना तिचे नाक-डोळे गळले होते, ताप आला होता, पण त्याला वर्षं लोटली होती.

"ती तर बरी झाली होती," सुभेदार म्हणाले.

मी त्यांच्या बायकोला विचारलं, कधी नागीण उठली होती का. कमरेवर उठली होती. मग सांगणं सोपं गेलं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो; गाईचा हा विषाणू त्याच कुळातला. नाकातून नसेच्या वाटेनं तो मेंदूच्या बुडाशी जातो आणि तिथल्या पेशींत गप्प पडून राहतो. पेशीला मारत नाही, म्हणून शरीरालाही सापडत नाही. जनावरावर ताण आला की त्याच वाटेनं नाकात उतरतो आणि शेजारच्या जनावरांना लागतो.

ताण कुठला, ते सुभेदारांना लगेच कळलं. भर उन्हाळ्यात त्यांनी सगळी गुरं ट्रकमध्ये घालून मोठहून आणली होती. मग त्यांनी म्हातारीला बाजारात नेऊन विकण्याची गोष्ट काढली.

"पुन्हा ट्रकमध्ये चढवाल, तर तो पुन्हा जागा होईल," मी म्हटलं. "आणि दुसऱ्याच्या गोठ्यात शिरेल."

"म्हणजे मरेपर्यंत इथंच?"

"हो. या दोन कालवडीही आता तशाच."

सुभेदारीणबाई उठल्या. गाभणीचं दावं सोडून तिला घराच्या मागच्या अंगणात नेलं. तिची बादली वेगळी केली, चारा वेगळा केला, आणि यापुढे तिच्याकडे आपणच बघणार असं नवऱ्याला सांगितलं. तरी माझी धास्ती गेली नाही. लागण नुकतीच झाली असेल, तर रक्तात इतक्यात दिसत नाही. काही आठवड्यांनी मी पुन्हा रक्त घेतलं. तेही स्वच्छ निघालं.

थंडीत ती व्याली. मी पोचले तेव्हा सुभेदारीणबाई वासराला पोत्यानं पुसत होत्या. सुभेदार गोठ्यातून आलेले, म्हणून कुंपणापाशीच थांबले.

"उभं राहिलं का?" त्यांनी विचारलं.

पाय लटपटत होते, पण राहिलं होतं. ते ऐकून सुभेदार, वासराजवळ यायच्या आधी म्हणून, आंघोळीला गेले.