यशोदाबाईंची तिसरी ट्रायल

“तुमचा प्लॅन काय?” राउंडवर आयसीयूच्या मुख्य डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, विचारलं आणि मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

“सिस्टर, तुम्हालाच विचारतोय.”

नाशिकच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत मी बरीच वर्षं स्टाफ नर्स होते. चाळिशीला आल्यावर एम.एस्सी. नर्सिंगला ॲडमिशन घेतली; प्रशिक्षण त्याच आयसीयूत. विषय, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सोपा आहे. अत्यवस्थ पेशंटबद्दलचे काही निर्णय नर्सने घ्यायचे. ठरलेल्या नियमांत राहून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. इतकी वर्षं मी ऑर्डर पाळत आले होते. प्लॅन मला कुणी विचारलाच नव्हता.

पेशंट होत्या देवळ्याच्या यशोदाबाई. न्यूमोनिया बरा होत आला होता, पण व्हेंटिलेटर सुटत नव्हता. मशीनचा आधार कमी करून पेशंट स्वतः श्वास घेतो का, ते अर्धा तास बघतात. त्याला आम्ही ट्रायल म्हणतो. बाईंच्या दोन ट्रायल फसल्या होत्या. आणखी एक फसली तर गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालावी लागणार होती. हे ऐकल्यापासून त्यांचा मुलगा प्रकाश जिन्यातच बसून होता.

“थोडा वेळ द्या सर,” मी म्हणाले आणि चार्ट घेऊन बसले.

दोन्ही ट्रायल दुपारी झाल्या होत्या. फिजिओथेरपीनंतर, आणि नाकातल्या नळीतून जेवण दिल्या दिल्या. म्हणजे बाई दमलेल्या, पोट भरलेलं, आणि भरलेलं पोट फुप्फुसांना खालून रेटणार. शिवाय दरवेळी श्वास वाढायच्या आधी त्या हात झटकत होत्या. मला वाटलं, त्या घाबरत असाव्यात.

मी सरांना सांगितलं, “सकाळी करू. पोट रिकामं ठेवून, बसतं करून. आणि आधी त्यांना नीट समजावून.”

रेसिडेंट डॉक्टर मिहिर म्हणाला, “मॅडम, छातीत थोडं पाणीही आहे. लघवीचं औषध आजच दिलं तर?”

“अरे, हे माझ्या लक्षातच नव्हतं.”

“दोघांचं मिळून करा,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाईंना उशा लावून बसवलं. मी मूळची सटाण्याकडची, बाईंच्याच भागातली. अहिराणीत सांगितलं, “माय, मशीन कमी करी ऱ्हायनू. मी आठेच शे.” मशीन कमी करतेय, पण मी इथेच आहे, एवढंच. त्यांनी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

आधार कमी केला. थोड्याच वेळात त्यांनी हात झटकला. हात झटकला. माझं बोट आपोआप बटणाकडे गेलं.

“सर, परत सपोर्ट वाढवू?”

सर हाताची घडी घालून उभे. “काय दिसतंय?”

मी स्वतःला थांबवलं आणि पाहिलं. ऑक्सिजन ठीक. बीपी ठीक. घाम नाही, ओठ गुलाबी. फक्त डोळे भेदरलेले.

“भीती दिसतेय. थांबते.”

मी त्यांचा हात धरला आणि कानाशी वाकून त्यांच्या बोलीत कांद्याचा भाव, नातवंडं, जे सुचेल ते बोलत राहिले. श्वास हळूहळू खाली आला. अर्धा तास निघाला. त्या अर्ध्या तासात मलाच दरदरून घाम फुटला होता.

खोकल्याची ताकद तपासून, सरांना विचारून श्वासनलिकेतली नळी काढली. घोगऱ्या आवाजात पहिला शब्द आला, “चहा.”

“आत्ता नाही, माय. गिळता येतं का ते आधी बघायचंय.”

बाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली. मिहिर हसता हसता मास्क सावरत बाहेर पळाला.

पुढचे दोन दिवस धाकधूक होती, कारण काढलेली नळी पुन्हा घालावी लागली तर ते पहिल्यापेक्षा धोक्याचं असतं. पण बाई टिकल्या. वॉर्डात जाताना प्रकाशने विचारलं, “ताई, तुम्ही डॉक्टर का?”

“नाही, नर्स.”

“आन् अजून शिकताय म्हणे. मग शिकून काय होणार?”

“नर्सच.”

त्याला ते पटलं नाही. त्याला काय सांगणार? जास्त शिकलं की जबाबदारी वाढते, हे नक्की. बसायला खुर्ची मिळेलच असं नाही. आमच्या आयसीयूत खुर्च्या दोनच आहेत, आणि त्यातली एक डुगडुगते.