जुन्या पातळाचं दुपटं

मंगळवारी मी ऑफिसातून लवकर निघायचे ते आराम करायला नव्हे, सासूबाईंना शिवणाला न्यायला. हॅम्बर्गमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्या मेनोनाइट. युद्ध नको, शपथ नको, मिरवणं तर नकोच, असा तो ख्रिस्ती पंथ. त्यांच्या गेमाइंडेतल्या, म्हणजे मंडळीतल्या, बायका जमून तान्ह्या बाळांसाठी गाठोडी करतात. दुपटी, झबली, टोपडी, साबणाची वडी. त्यांच्या मिशनचे दवाखाने आहेत लांब कुठेकुठे, तिकडे ती जातात.

सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना पुण्याहून इथे आणलं. भाषा नाही, ओळख नाही, बाहेर सारखा पाऊस, आणि नातू जर्मनमध्ये उत्तरं देणार. "खायला काळ आणि भुईला भार झालेय मी," हे रोज ऐकून माझे कान किटले होते. त्यामुळे खालच्या आजींनी विचारल्याबरोबर मी हो म्हटलं. म्हटलं, तेवढीच आपली एक दुपार सुटेल. कसली सुटतेय! दुभाषी म्हणून मीही तिथेच अडकले.

पण आई तिथे खुलल्या. त्यांचा बारीक टाका बघायला बायका खुर्च्या सरकवून यायच्या. घरात "भार" हा शब्द बंद झाला. मी दमून मेले असते तरी चाललं असतं, पण तो शब्द परत नको होता.

मग एका मंगळवारी त्यांनी पिशवीतून एक दुपटं काढलं. आठवडाभर खोलीत बसून शिवलेलं. स्वतःचं फिकट जांभळं पातळ फाडून, चार पदरी, हातशिलाईचं.

आजींनी ते गालाला लावून पाहिलं. मग नीट घडी घालून टेबलाच्या कडेला ठेवलं. "फार सुंदर आहे," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "पण गाठोड्यात फक्त नवं कापड जातं."

मला तिथेच फतकल मारून बसावंसं वाटलं. सकाळपासून मीटिंगा, आणि आता हे मी आईंना कोणत्या तोंडाने सांगू? सांगितलं.

"नवं?" आई म्हणाल्या. "अगं, तान्ह्याला कुणी नव्यात गुंडाळतं का? खळ टोचते. जुनंच मऊ असतं. सांग त्यांना."

तेही सांगितलं.

"गेनाऊ, अगदी खरं, मऊ तर आहेच," आजी म्हणाल्या. "पण त्या बायकांना जन्मभर दुसऱ्यांचं वापरलेलंच मिळत आलंय. बाळाला तरी कुणी न वापरलेलं मिळावं."

मी सांगितलं तसा आईंनी दुपट्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे हो त्यांचंही." त्यांनी दुपटं पिशवीत घातलं. वरती नव्या फ्लॅनेलचे तुकडे ठेवले, घरी शिवायला म्हणून. वाटभर पिशवी छातीशी धरून चालल्या. आता पुन्हा ते भुईला भार सुरू होणार, हे मी धरूनच चालले.

घरी आल्यावर मी कोटासकट सोफ्यावर आडवी झाले. पोळ्या व्हायच्या होत्या, पण उठायचं त्राण नव्हतं. थोड्या वेळाने पायांवर काहीतरी मऊ पडलं. दुपटंच ते. जेमतेम गुडघ्यांपर्यंत पुरत होतं.

"अहो आई, एवढं चांगलं पातळ फाडलंत कशाला?" मी डोळे न उघडताच विचारलं.

"तुझ्या बाळंतपणासाठी ठेवलं होतं. धुऊन धुऊन मऊ केलेलं. नेमकं तेव्हाच ह्यांचं दुखणं निघालं, मला काही येता आलं नाही. इतकी वर्षं नुसतं पडून होतं. म्हटलं, कुठल्यातरी बाळाच्या अंगाला लागू दे."

माझ्या बाळंतपणात नवरा होता, नर्स होती. पण घरची बाई एकही नव्हती. ते मला तेव्हा किती लागलं होतं, हे मी कुणालाच बोलले नव्हते. मला रडूच फुटलं.

"पड जरा," आई म्हणाल्या. "ते नवं कापड भिजत घातलंय. पाठवायच्या आधी खळ तरी निघू दे त्याची. पोळ्या मी करते."