सुलाबाईंची साक्ष

नाशिकच्या न्यायालयात आयुष्यभर लिपिकाचे काम केलेले जीवन रणनवरे निवृत्तीनंतर एकाच खटल्याचे वकील झाले. येशू मेलेल्यांतून उठला, हा तो खटला. रविवारची उपासना आटोपली की ते मंडळीच्या सभागृहात बसत आणि शंका घेऊन येईल त्याच्याशी वाद घालत. न्यायालयातले जुने सहकारी विश्वेश टिल्लू पुरोहितांच्या घरातले, पण कशावरच श्रद्धा नसलेले. ते केवळ या वादासाठी येत.

“बायबलात हे लिहिणाऱ्या चौघांच्या हकिगती जुळत नाहीत, रणनवरे.”

“अक्षरशः जुळल्या असत्या, तर साक्षीदार पढवलेले आहेत असं तुम्हीच म्हणाला असता!”

जीवनरावांचा सर्वांत आवडता मुद्दा स्त्रियांचा. रिकामी कबर प्रथम पाहिली ती स्त्रियांनी, आणि त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले असते का? शिवाय येशूच्या शिष्यांनी त्या स्त्रियांवर विश्वास ठेवला नाही, ही नामुष्कीही लिहिणाऱ्यांनी लपवलेली नाही.

याच सभागृहात मुलगा सनी एकदा म्हणाला होता, “पपा, मला नाही पटत.” जीवनरावांनी सर्वांदेखत त्याची उलटतपासणी घेतली. लोक हसले. सनी बंगळुरूला निघून गेला आणि तीन वर्षे घरी फिरकला नाही.

यंदा ईस्टरच्या पहाटे मंडळी रिवाजाप्रमाणे कब्रस्तानात जमली. कबरींवर फुले वाहून झाली, मेणबत्त्या लागल्या. जीवनराव संदेश द्यायला उभे राहणार, इतक्यात पत्नी सुलाबाई धापा टाकत आल्या.

“अहो, सनी आलाय. फाटकापाशी उभाय. पपांनी बोलावलं तरच आत येईन म्हणतो.”

“काल तर तुला फोनवर रजा नाही म्हणाला.”

“मी बोलले ना त्याच्याशी!”

“गुड फ्रायडेपासून पोटात अन्न नाही तुझ्या. त्यात हा अंधार. भास झाला असेल, सुला.”

“भास? गाल कुरवाळला मी त्याचा!”

“उपासनेनंतर बघू.”

पत्नी खोटे बोलत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. फाटकापर्यंत जाणे म्हणजे माघार घेणे, आणि ती टाळायला ‘भास’ हा एक शब्द हाताशी आला.

त्या पहाटे ते स्त्रियांच्या साक्षीवरच बोलले, आणि चांगले बोलले. सुलाबाई फाटकाशी परतल्या होत्या. “येतायत का?” सनीने विचारले. त्यांना खोटे बोलता आले नाही. जीवनराव तिकडे गेले तेव्हा त्या एकट्याच उभ्या होत्या.

पुढच्या रविवारी विश्वेश म्हणाले, “सोपं आहे हो. कबरीपाशी आलेल्या, रडून थकलेल्या बायका. भास झाला त्यांना.”

उत्तर तयार होते: इतक्यांना एकच भास होत नाही, आणि भासापायी कोणी छळ सोसत नाही. जीवनरावांना ते आजही तितकेच खरे वाटत होते.

“साक्ष खरी होती,” ते म्हणाले. “ऐकणारे...”

“ऐकणारे काय? बोला की! आज गाडी कुठे अडली?”

मागच्या बाकावर सुलाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. जीवनराव खाली बसले.

घरी आल्यावर त्यांनी विचारले, “कसा दिसत होता गं?”

“तेव्हा विचारायचं होतंत.” मग त्याच म्हणाल्या, “वाळलाय. दाढी ठेवलीये.”

त्यांनी सनीला फोन लावला. घंटा नुसती वाजत राहिली. मग सुलाबाईंनी आपल्या फोनवरून लावला. तो लगेच उचलला गेला.

“सनी, पपांना बोलायचंय.”

जीवनराव खुर्चीतून उठले, त्यांनी हात पुढे केला.

“बरं,” सुलाबाई फोनमध्ये म्हणाल्या. “बरं, राजा. जेवून घे.”

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.