पहिल्या मापाला लाभ

मंगळवारी सकाळी विमलमावशी गेली. दहिवडीजवळच्या तिच्या गावाहून काकांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, फोन आला तेव्हा मी साताऱ्यात वाचनालयाचं कुलूप काढत होतो. ते एवढंच म्हणाले, "मावशी गेली रं." फौजेत उमेद घालवलेला हा माणूस मुळातच कमी बोलतो… मी कुलूप परत लावलं आणि निघालो.

आता काही आठवडे उलटले. राहून राहून मला आठवतं ते तिचं जनगणनेचं वेड. मावशी गावच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. जनगणनेची पहिली पायरी, घरांची नोंद, सुरू झाली तेव्हा त्या कामावर एक नवखी शिक्षिका आली आणि लोक तिला दारातूनच वाटेला लावू लागले. कुणाला वाटे रेशन बंद होईल, कुणी म्हणे पोरगा मुंबईला असतो, तो आल्यावर या. मावशी आपण होऊन तिच्याबरोबर हिंडू लागली. मी सुट्टीला गेलो होतो, म्हणून मीही मागं मागं. हिला यातून काय मिळतं, ते मला कळेना. विचारलं तर म्हणाली, "वर्गात 'हजर' म्हणणाऱ्या पोराचं तोंड बघितलंयस कधी? हजेरीत ज्याचं नाव राहून जातं ना, त्याचं दिवसभर पुस्तकात लक्ष लागत नाही."

वस्तीवर कोंडाबाईंचं घर. मेंढरं पाळणारं कुटुंब. भिंती कशाच्या, पाणी कुठलं, सगळं त्यांनी सांगितलं. माणसं किती, म्हटल्यावर मात्र अडल्या. मागच्या वेळी मोजली आणि त्याच साली थोरला नातू गेला, असं त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या. "माणसं मोजू न्हाईत बाई. मोजली की कमी हुत्यात." शिक्षिका समजावू लागली तसा मावशीनं तिच्या हातावर हात ठेवला. स्वतः घोंगड्यावर बसली, चहा घेतला, यंदा बाजरी कशी झाली ते विचारलं… आणि मग सहज म्हणाली, "आवं, खळ्यावर पहिल्या मापाला काय म्हणता?"

धान्य मोजताना आमच्याकडं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत.

"लाभ," कोंडाबाई म्हणाल्या.

"मग माणसं काय बाजरीपरीस हलकी हायत व्हय? तसंच मोजू की."

कोंडाबाई उठल्या, झोळीत निजलेल्या नातीच्या कपाळाला बोट लावलं आणि हळूच म्हणाल्या, "लाभ." पुढं दोन, तीन करत सगळी झाली, कळप घेऊन चराईला गेलेला मुलगासुद्धा. स्वतःला तेवढं त्यांनी सोडलं. "मला कशाला धरती? आज हाय, उद्या न्हाई."

"आज हाय न्हवं? मग झालं. सरकार आजचंच इचारतंय."

कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि मोजणीत आल्या. रात्री जेवताना मावशीनं हे सगळं काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजूबाजूची दारं आपोआप उघडली. मावशीच्या घराची पाळी आली तेव्हा चौकटीवर नंबर घालणाऱ्या शिक्षिकेला ती म्हणाली, "ठळक घाल गं, पुसला नाही पाहिजे."

ही झाली घरांची नोंद; माणसांची खरी मोजणी अजून व्हायची आहे. मावशी तिची वाट बघत होती.

गेल्या रविवारी गावी गेलो. काका पडवीत बसले होते. त्यांनी विचारलं, "मोजायला येतील तवा तिला धरत्यात का रं?"

मी नाही म्हणालो.

"व्हय… आजचंच इचारत्यात." ते रस्त्याकडं बघत राहिले. "म्हंजी मी एकलाच." मग म्हणाले, "लाभ म्हणीन."

चौकटीवर तिनं ठळक घालून घेतलेला नंबर आहे. आत काका आहेत.